बारकोड नेमका कुठे लावायचा? आमच्या ग्रंथालयातल्या प्रकल्प नोंदी

१० फेब्रुवारी २०२५

दाखल नोंदवहीतली, म्हणजे प्रत्येक पुस्तक आपापल्या क्रमांकाने नोंदलेलं असतं त्या वहीतली, बहुतेक पुस्तकं 'कोहा' या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत चढली. आता लेबलं छापायची, चिकटवायची आणि देवघेव संगणकावर आणायची. आजच्या बैठकीत प्रिंटर, लेबलांचे रोल, मे महिन्याच्या सुट्टीत मदतीला येणारी कॉलेजची मुलं, सगळ्यावर बोलणं झालं. लेबल पुस्तकावर कुठे लावायचं हा विषय मात्र "ते तुम्ही बघून घ्या" म्हणून माझ्याकडे आला. मला तो प्रिंटरच्या निवडीपेक्षा मोठा वाटतो. प्रिंटर पाच वर्षांनी बदलता येतो. चाळीसेक हजार पुस्तकांवर एकदा चिकटलेलं लेबल पुन्हा कोणी काढत बसणार नाही. म्हणून रोलची ऑर्डर थांबवायला सांगितली आहे.

ग्रंथालयांत साधारण चार पद्धती दिसतात. कोणी शीर्षकपानावर लावतं, कोणी मागच्या पुठ्ठ्याच्या आत तारीख पट्टीशेजारी, कोणी मुखपृष्ठाच्या वरच्या कोपऱ्यात, कोणी मलपृष्ठावर. प्रत्येकाकडे आपापलं कारण असतं, आणि ते त्यांच्या जागी बरोबरही असतं. आपलं कारण आपल्याला शोधायचं आहे.

१४ फेब्रुवारी

संध्याकाळी सहा ते आठ देवघेवीच्या टेबलामागे बसलो. चर्नी रोडला उतरून घरी जाता जाता पुस्तक बदलणाऱ्यांची हीच वेळ. पुस्तक पिशवीतून निघतं ते बहुतेक वेळा मुखपृष्ठ वर ठेवूनच टेबलावर येतं. देवघेव बघणाऱ्या ताई ते उचलतात, मागचा पुठ्ठा उघडतात, तारीख पट्टी बघतात, खिशातलं कार्ड शोधतात.

त्या म्हणाल्या, "तारखेचा शिक्का तर मारायचाच आहे. मग लेबल तिथेच आत असू दे ना. नाहीतरी पुस्तक उघडतेच मी." मुद्दा बिनतोड आहे. आमचे निम्म्याहून अधिक सभासद साठीपुढचे आहेत. परतीची तारीख मोबाइलवर येईल हे त्यांना सांगून उपयोग नाही, ती पुस्तकात उमटलेली दिसली पाहिजे. शिक्का राहणार.

पण मग आतल्या बाजूला नमुन्याचं लेबल लावून बघितलं. जाड पक्क्या बांधणीचं पुस्तक उघडं राहतं. कच्च्या बांधणीची कादंबरी राहत नाही, लगेच मिटायला बघते. एका हाताने पान दाबायचं, दुसऱ्या हाताने पुस्तक धरायचं, मग स्कॅनर कुठल्या हातात? शिवाय दाबलेलं पान कण्याकडे वळतं, लेबल वळतं आणि स्कॅनरची लाल रेष सरळ पडत नाही. परत आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा जमा करताना तर शिक्का मारायचाच नसतो. तिथे प्रत्येक पुस्तक उघडणं हे निव्वळ जास्तीचं काम.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र आहे, वाचकाचा वेळ वाचवा. रांगेत छत्री आणि डबा सांभाळत उभ्या असलेल्या माणसाचे दहा सेकंद मी त्याच हिशेबात धरतो.

२१ फेब्रुवारी

आज कपाटांपुढे. देवघेव रोजची असली तरी लेबलाची खरी परीक्षा ग्रंथपडताळणीत होते. आजवरची पडताळणी म्हणजे एकाने कपाटातून पुस्तक काढून दाखल क्रमांक ओरडायचा आणि दुसऱ्याने नोंदवहीत खूण करायची. पुस्तक पूर्ण बाहेर, उघडा, क्रमांक वाचा, मिटा, परत जागेवर. कोहात मात्र स्कॅन केलेल्या क्रमांकांची साधी फाइल चढवली की कुठलं पुस्तक जागेवर नाही आणि कुठलं भलत्याच मांडणीत आहे, याची यादी मिळते. म्हणजे पुस्तक पूर्ण न काढता स्कॅन करता आलं, तरच या सोयीला अर्थ आहे.

कण्याची बाजू आपल्याकडे असताना मराठी पुस्तकाचं मुखपृष्ठ आपल्या उजव्या हाताला येतं. त्यामुळे डाव्या हाताने पुस्तक थोडं पुढे ओढायचं आणि उजव्या हातातल्या स्कॅनरने मुखपृष्ठाची कण्यालगतची पट्टी वाचायची, हे सहज जमतं. मलपृष्ठावर लेबल असेल तर हात उलटे पडतात. डावखुऱ्या माणसाला ते सोयीचं जाईल, पण पडताळणीला बसणारे आम्ही सगळे उजवेच.

जागा ठरली तरी लेबल आडवं की उभं, हे ठरायचं होतं. कागदाची खोटी लेबलं कापून दोन्ही तऱ्हा करून पाहिल्या. आडवं लेबल, म्हणजे पुस्तकाच्या वरच्या कडेला समांतर, दिसायला नीटस दिसतं. पण सहा आकडी दाखल क्रमांकाचं लेबल पावणेचार सेंटिमीटर लांब, त्यात कण्याजवळची खाच, म्हणजे उघडताना पुठ्ठा मुडपतो ती जागा, सोडायला आणखी एक सेंटिमीटर. म्हणजे पुस्तक पाच सेंटिमीटर तरी ओढावं लागतं. डेमी आकाराची कादंबरी रुंदीला चौदा सेंटिमीटर असते. ठासून भरलेल्या कपाटात ती एवढी ओढली की शेजारची दोन पुस्तकंही बरोबर येतात.

तेच लेबल कण्याला समांतर उभं लावलं की तीन सेंटिमीटरात काम होतं. रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक येतात, आणि स्कॅनरची रेष वरून खाली पडावी म्हणून मूठ आडवी करून धरायची. अरुंद बोळातल्या कपाटापुढे तशी मूठ उलट बरी पडते, कोपर मागच्या कपाटाला आपटत नाही.

आणखी एक फायदा करून बघितल्यावरच कळला. शेजारचं पुस्तक आड येत असल्यामुळे मुखपृष्ठावर प्रकाश तिरका पडतो. आडव्या लेबलात तिरकेपणामुळे रेघा आणि मधल्या जागा एकमेकींत दाटतात, स्कॅनर अडखळतो. उभ्या लेबलात दाटते ती रेघांची लांबी. त्यांच्या जाडीला धक्का लागत नाही, आणि स्कॅनर वाचतो ती जाडीच. उभंच लावायचं.

२७ फेब्रुवारी

बारकोडचा कोणता प्रकार घ्यायचा, हा हिशेब आज संपवला. ग्रंथालयांत कोड ३९ फार जुना आणि सगळीकडे चालणारा. आमचे क्रमांक सहा आकड्यांचे, पुढे शून्य लावून सगळे सारखे केलेले. आमचा प्रिंटर २०३ डीपीआयचा, म्हणजे इंचाला २०३ ठिपके छापणारा, त्याचा एक ठिपका ०.१२५ मिलिमीटर. दोन ठिपक्यांची बारीक रेघ धरली तर ०.२५ मिलिमीटर. कोड ३९ मध्ये सहा आकडे, सुरुवातीची आणि शेवटची खूण, रुंद रेघ अरुंदीच्या तिप्पट, असं धरून बारकोड जवळपास ३२ मिलिमीटर होतो. दोन्ही टोकांना बारीक रेघेच्या दहापट कोरी जागा लागतेच, ती मिळून ३७.

कोड १२८ मध्ये आकडे जोडीजोडीने बसवता येतात. तेच सहा आकडे १७ मिलिमीटरांत, कोरी जागा धरून २२. शिवाय त्यात तपासणीचं चिन्ह कोडातच असतं, वेगळं घालावं लागत नाही. लेबल जितकं लहान तितकं मुखपृष्ठ मोकळं. कोड १२८ घेतला. वाचलेल्या जागेत क्रमांक ठळक आकड्यांत छापायचा, वीज गेली तरी डोळ्यांनी वाचता आला पाहिजे.

टोकांच्या त्या कोऱ्या जागेबद्दल मुलांना आधीच बजावून ठेवायला हवं. लेबल नीट दिसावं म्हणून कडेला पेनाने चौकट काढण्याची किंवा वर्गांकाची चिठ्ठी टोकावर चढवण्याची हौस पुष्कळांना असते. रेघा शाबूत असूनही स्कॅनर वाचत नाही, तो बहुधा यामुळेच.

सभासदांच्या कार्डांवर क्रमांकाआधी रोमन अक्षर ठेवतो आहोत, म्हणजे पुस्तक आणि माणूस यांची गल्लत नको. अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांत कोडाबार या प्रकारच्या चौदा आकडी बारकोडमध्ये हीच सोय पहिल्या आकड्याने केलेली असते: २ म्हणजे वाचक, ३ म्हणजे पुस्तक.

५ मार्च

मलपृष्ठावर लेबल का नको, याचं आणखी एक कारण आज सापडलं. तिथे प्रकाशकाचा आयएसबीएनचा, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचा, बारकोड असतो, ९७८ ने सुरू होणारा, भारतीय पुस्तकाला पुढे ८१ किंवा ९३. एकाच कादंबरीच्या आमच्याकडे चार प्रती असल्या तरी तो चारही प्रतींवर एकच. तो पुस्तक ओळखतो, प्रत ओळखत नाही. दोन बारकोड एका पानावर आले की घाईत स्कॅनर भलताच उचलतो आणि पडद्यावर 'पुस्तक सापडत नाही' असं येतं. रांगेसमोर ताईंनी ते का निस्तरावं?

शिवाय मलपृष्ठावरचा मजकूर. नवखा वाचक कपाटापाशी उभा राहून तोच वाचतो आणि पुस्तक घ्यायचं की नाही ते ठरवतो. त्यावर लेबल चढवणं म्हणजे वाचकाच्या आणि पुस्तकाच्या मध्ये उभं राहणं.

देवघेवीच्या स्कॅनरवर ईएएन, म्हणजे आयएसबीएनचा बारकोड ज्या प्रकारचा असतो त्याचं, वाचन बंद करून टाकलं. स्कॅनरबरोबरच्या पुस्तिकेत त्यासाठी सेटिंगचे बारकोड असतात, ते ओळीने स्कॅन करायचे. नव्या पुस्तकांची नोंद करणाऱ्या टेबलावरचा स्कॅनर मात्र तसाच ठेवला, तिथे आयएसबीएन वाचूनच पुस्तकाची माहिती शोधायची असते.

१२ मार्च

कपाटातून पन्नासेक पुस्तकं काढून मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात काय येतं ते बघत बसलो. पुष्कळदा लेखकाचं नाव. कधी प्रकाशनाची मुद्रा. आणि चित्रकार दीनानाथ दलालांच्या काळातली जी मुखपृष्ठं आमच्याकडे अजून मूळ वेष्टणात आहेत, त्यांवर चित्र कडेपर्यंत भिडलेलं. दलालांनी, पुढे पद्मा सहस्रबुद्धे, सुभाष अवचट, रविमुकुल यांनी मराठी पुस्तकाला जो चेहरा दिला, तो आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. "ते निळ्या मुखपृष्ठाचं, बाईचा चेहरा असलेलं" असं सांगून पुस्तक मागणारे लोक रोज येतात, आणि ते पुस्तक ताईंना सापडतंही.

म्हणून कोपरा हा नियम धरला नाही, पट्टी धरली. खाच सोडून कण्याला समांतर दोन सेंटिमीटरची उभी पट्टी, वरच्या कडेपासून एक सेंटिमीटर खाली. तिथे लेखकाचं नाव आलं तर लेबल त्याच पट्टीत खाली सरकवायचं, पण पुस्तकाच्या मध्याच्या खाली न्यायचं नाही. कपाटापुढच्या माणसाला पुस्तक तेवढंच ओढावं लागतं, फक्त स्कॅनर थोडा खाली धरावा लागतो. कार्यवाहांना ही सवलत पटली नाही. त्यांचं म्हणणं, "एकदा सवलत दिली की लेबलं वाटेल तिथे लागतील." मी त्यांना लेखकाच्या नावावर चिकटवलेलं लेबल दाखवलं. एवढं पुरलं.

१९ मार्च

बाइंडरकाका आले होते. पन्नास वर्षं गिरगावातल्या पुस्तकांची शिवण उसवून पुन्हा घालणारा माणूस. त्यांना विचारलं, लेबल मुखपृष्ठावर लावतोय, चालेल ना?

"मी पुठ्ठा बदलला की तुमचं लेबल रद्दीत."

मुंबईच्या हवेत लोकप्रिय कादंबरी काही वर्षांतच बांधणीला जाते. बांधणीत मूळ मुखपृष्ठ शाबूत असलं तर काका ते नव्या पुठ्ठ्यावर चिकटवतात, नसलं तर कापडी पाठ आणि वर साधा कागद. दोन्हीत कडा कापल्या जातात, अस्तराचा कागद नवा येतो, त्याबरोबर तारीख पट्टी आणि खिसाही नवा. जुनं राहतं ते फक्त आतलं पान.

आणि आतल्या पानाची सोय आपल्याकडे आधीपासून आहे: गुप्त पान. शिक्का आणि दाखल क्रमांक प्रत्येक पुस्तकात एका ठरलेल्या पानावर असतोच. कितवं पान ते इथे लिहीत नाही. ठरलं ते असं, की प्रत्येक क्रमांकाची दोन लेबलं छापायची. एक मुखपृष्ठावरच्या पट्टीत. दुसरं गुप्त पानावर, मजकुराबाहेर, कडेपासून दीड सेंटिमीटर आत, म्हणजे काकांच्या कापणीत जाणार नाही. बांधणीहून पुस्तक आलं की आतलं लेबल स्कॅन करायचं आणि बाहेरचं नवं छापायचं.

काका जाता जाता म्हणाले, खाचेवर लेबल नको, पुस्तक शंभरदा उघडलं की तिथे घडी पडून फाटतं. त्यांना माझी पट्टी दाखवली. बोटाने खाचेपासूनचं अंतर मोजून त्यांनी मान हलवली.

९ एप्रिल

लेबलाचा कागद. थेट उष्णतेने काळं पडणारं लेबल स्वस्त, रिबन लागत नाही, पण दुकानाच्या पावतीसारखं ते काही काळाने फिकं होतं. पुस्तकाला चालणार नाही. रिबनवाली छपाई घेतली. क्रोमो कागद आणि मेणाची रिबन स्वस्त पडते, पण ओल्या बोटाने दहा वेळा घासल्यावर रेघा पुसट झाल्या. पॉलिएस्टरचं लेबल आणि रेझिनची रिबन यांवर काहीच फरक पडला नाही. बाहेरच्यासाठी पॉलिएस्टर, आतल्यासाठी क्रोमो. आत घासायला कोणी येत नाही, आणि जुन्या पानाला पातळ कागदच बरा.

लेबलावर ग्रंथालयाचं नाव देवनागरीत हवं होतं. प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'ग्रं' आणि 'स्त' फुटून येत होते. नाव चित्र म्हणून तयार करून घातलं, ते नीट छापलं गेलं. मराठी ग्रंथालयाच्या नावातलं जोडाक्षर मोडकं छापून चालवून घेणं मला जमणार नव्हतं.

२३ एप्रिल

जुन्या पुस्तकांचं कपाट. निर्णयसागर छापखान्यातली, शिळाछापाची, पान उलटताना कडा तुटणारी. यांना गोंद लावायचा नाही, आतही नाही, बाहेरही नाही. आम्लविरहित कागदाची लांब पट्टी, तिच्या वरच्या टोकाला बारकोड, पुस्तकात ठेवायची, टोक बाहेर डोकावेल अशी. पट्टी हरवू शकते, म्हणून तिच्यावर पुस्तकाचं नावही पेन्सिलीने. ही पुस्तकं बाहेर जात नाहीत, इथेच बसून वाचायची, त्यामुळे एवढं पुरे.

५ मे

मुलं आली. पहिल्याच दिवशी मोठा प्रश्न क्रमाचा. लेबलं दाखल क्रमांकाने छापली तर ती १, २, ३ अशी येतात, आणि पुस्तकं मांडलेली असतात विषयाने. एका कपाटात १९६२ सालचा क्रमांक २०१९ च्या शेजारी. लेबल हातात घेऊन चाळीस हजारांत पुस्तक शोधणं अशक्यच. कोरी क्रमवार लेबलं आणून कुठलंही कुठल्याही पुस्तकाला लावायचं आणि संगणकात जोडायचं, हा सोपा मार्ग असतो, पण मग पुस्तकाला दोन क्रमांक होतात. अनुदानाच्या तपासणीला दाखल नोंदवहीच पुढे येते. तो क्रमांक आणि बारकोड एकच असला पाहिजे, हा माझा आग्रह.

म्हणून कपाटाच्या क्रमाने काम. एक मुलगा कप्प्यातल्या पुस्तकांचे दाखल क्रमांक गुप्त पानावरून वाचून त्याच क्रमाने टाइप करतो, तेवढ्याच लेबलांच्या जोड्या त्याच क्रमाने बाहेर येतात, दुसरी चिकटवते, तिसरी लगेच दोन्ही लेबलं स्कॅन करून पडद्यावरचं नाव आणि हातातलं पुस्तक ताडून बघते. पुठ्ठ्याचा साचा कापून दिला आहे: एक कड कण्याला, एक वरच्या कडेला, मधली खिडकी म्हणजे लेबलाची जागा. साचा हातात असला की वाद होत नाहीत.

सगळ्या कादंबऱ्यांना आमच्याकडे पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर असतं. लेबल प्लास्टिकच्या आत. वर लावलं तर कव्हर बदलताना जाईल. आतलं लेबल चमकतं, स्कॅनर अगदी समोरून धरला तर वाचत नाही, किंचित तिरपा केला की वाचतो. हे ताईंना एकदा दाखवलं, आता त्यांचा हात आपोआप तिरपा होतो.

११ जुलै

पाऊस लागला. पिशवीत ओली छत्री आणि पुस्तक एकत्र, हे दर वर्षीचंच. परत आलेल्या पुस्तकांची लेबलं आठवडाभर तपासली. प्लास्टिकच्या आतली सगळी शाबूत. चकचकीत लॅमिनेशनवरची घट्ट. कापडी बांधणीवरची मात्र कोपऱ्यातून उचकटतात, कापडाच्या विणीवर गोंद धरत नाही. एकाने साधी चिकटपट्टी आणली होती, ती नाही म्हटलं. वर्षभरात ती पिवळी पडते आणि कडेने चिकट ओघळ सुटून शेजारच्या पुस्तकाला धरतो. कापडी बांधणीच्या पुस्तकांवर काका आता त्या पट्टीत कागदाचा छोटा तुकडा खळीने बसवून देणार आहेत. लेबल त्या तुकड्यावर.

२ ऑगस्ट

चरित्र विभागाच्या एका कपाटाची पडताळणी नव्या पद्धतीने केली. ताई आणि मी, दोघांत एक स्कॅनर. सगळ्या कप्प्यांत एकही पुस्तक पूर्ण बाहेर काढावं लागलं नाही, लेखकाच्या नावासाठी खाली सरकवलेली लेबलंसुद्धा न अडता वाचली गेली. यादीत जी पुस्तकं गहाळ म्हणून आली, त्यांतली काही प्रवासवर्णनांत निघाली. नोंदवहीत वर्षानुवर्षं 'जागेवर नाही' असा शेरा असलेलं एक जुनं चरित्र तिथेच होतं, आणि त्याच दुपारी ते एका सभासदाला मिळालंही.

बालविभाग उरला आहे. पिना मारलेली पातळ पुस्तकं, कणाच नाही, आणि मुखपृष्ठभर चित्र. ती आम्ही खोक्यात तोंड वर करून ठेवतो, कपाटाचा हिशेब इथे लागू नाही. तिथे लेबल मलपृष्ठावर, वरच्या कडेला आडवं, किमतीच्या आणि आयएसबीएनच्या उलट टोकाला. साचा वेगळा कापायला सांगितला आहे. दिवाळी अंकांचं ठरवायचं आहे. नवे अंक येण्याआधी काकांशी बोलून घ्यायचं.